नात्याचा रकाना

म्हैसूर राज्यातल्या एका तुरुंगाचे पत्र शेवंतीने माझ्या मेजावर ठेवले, त्या वेळी मी ‘म’ या अक्षराची प्रुफे तपासत होतो. एकोणीसशे एकोणसाठचा जानेवारी होता. न्यायालयाच्या भाषांतर विभागातून निवृत्त होऊन मला चार वर्षे झाली होती, आणि त्या चार वर्षांत रचलेला माझा मराठी-इंग्रजी कायदेविषयक शब्दसंग्रह गिरगावातल्या एका छापखान्यात छापला जात होता. शेवंती तिथेच बांधणीच्या खात्यात होती. छापून वाळलेल्या मोठ्या कागदांना, म्हणजे फर्म्यांना, घड्या घालायच्या आणि घडीवरून हाडाची पट्टी फिरवून ती बसवायची, हे तिचे काम. काळाचौकीहून येणारी, तिशीतली, मोजके बोलणारी बाई. माझ्याशी तोवर ती दोनदाच बोलली होती, आणि दोन्ही वेळा मी ओल्या फर्म्याला हात लावला म्हणून.

“नानासाहेब, इंग्रजी आहे. वाचून सांगाल?”

पत्र सहा ओळींचे होते. कैदी जगदीश साळवी याला आजारी आईच्या भेटीसाठी चार दिवस सोडावे, असा राधाबाई रामजी जाधव यांचा अर्ज पोहोचला. तथापि तुरुंगात दाखल होताना कैद्याने आपले आईवडील मयत असल्याचे सांगितले आहे. सबब अर्जदार बाईंनी सोबतच्या नमुन्यात आपले नेमके नाते नमूद करावे. त्यानंतर अर्जाचा विचार करण्यात येईल. ‘नेमके’ या अर्थाच्या शब्दाखाली शाईने रेघ ओढलेली होती. ती रेघ पाहून त्या अनोळखी अधिकाऱ्याविषयी मला आदर वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही.

“राधाबाई म्हणजे तुझी आई?”

“हो.”

“आणि हा जगदीश?”

“भाऊ.”

“तुम्ही जाधव, तो साळवी. कोकणातला मराठा असावा.”

“संगमेश्वरकडचा.”

“आणि तुम्ही?”

“बौद्ध. दोन वर्षं झाली आता.”

“मग भाऊ कसा?”

“मानलेला,” ती म्हणाली. घड्याळात किती वाजले ते सांगावे, तितक्या सहज.

पुढचे तिने उभ्याउभ्याच सांगितले. तिचा सख्खा भाऊ बुधाजी आणि जगदीश गिरणीत एकाच खात्यात कामाला होते. छप्पन सालच्या जानेवारीत, मुंबई पेटली होती त्या आठवड्यात, बुधाजी गोळी लागून गेला. जगदीश गेल्या नोव्हेंबरात सीमाभागातल्या सत्याग्रहासाठी तुकडीबरोबर बेळगावला गेला आणि सहा महिन्यांची शिक्षा घेऊन तिकडच्याच तुरुंगात पडला. आता राधाबाईंच्या छातीत पाणी झाले होते. परळच्या इस्पितळाने त्यांना घरी न्यायला सांगितले होते.

“घरी न्या म्हणाले, म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच. तिला त्याला बघायचंय. एकदाच. आमच्या चाळीतल्या युनियनच्या माणसानं अर्ज लिहिला, त्यात मुलगा लिहिलं. तो परत आला.”

“परत येणारच. ती त्याची आई नाही.”

शेवंतीने सोबतचा नमुना पुढे सरकवला. नाव, वय, राहण्याचे ठिकाण आणि त्याखाली नात्याचा रकाना. जेमतेम दोन बोटे रुंद.

“एका शब्दाचे काम आहे,” मी म्हणालो. “दोन दिवसांत देतो.”

“आजच नाही का होणार?”

“घाईने चुकीचा शब्द गेला, तर कागद पुन्हा परत येईल. एकदा आलाच आहे.”

हा युक्तिवाद बिनतोड होता. तो आजही मला बिनतोड वाटतो. त्याच्या परिणामाविषयी तसे म्हणवत नाही.

एकतीस वर्षांच्या नोकरीत मी किमान नऊ हजार कागद मराठीतून इंग्रजीत नेले असतील. प्रत्येक कागदाच्या तळाशी ‘खरे व अचूक भाषांतर’ असे लिहून खाली सही करण्याची आमच्या विभागाची शिस्त होती, आणि त्या दोन विशेषणांपैकी एकालाही मी कधी सैल पडू दिले नाही. शेवंतीच्या कामाला मी त्याच शिस्तीने बसलो. ‘सन’ हा शब्द खोटा ठरून परत आलेला होता. ‘ॲडॉप्टेड सन’ म्हणावे तर दत्तकविधान हवे, आणि नव्या कायद्याप्रमाणे दत्तक घ्यायचा मुलगा पंधरा वर्षांच्या आतला हवा, जगदीश तिशीचा. ‘फॉस्टर सन’ म्हणजे लहानपणापासून ज्याचा सांभाळ केला तो. ‘गॉडसन’ ख्रिस्ती देवळातला. ‘लाइक ए सन’ ही उपमा झाली, आणि उपमेला तुरुंगातून सोडत नाहीत. माझ्या मेजावरच्या कोशांत ‘मानलेला’ या शब्दासमोर ‘सपोज्ड’ आणि ‘रेप्यूटेड’ असे पर्याय होते. दोहोंतही असा सूर होता की, म्हणतात खरे, पण आम्हाला शंका आहे.

त्याच संध्याकाळी फणसवाडीत आमच्या गॅलरीत माझा मेहुणा मनमोहन नेहमीप्रमाणे येऊन बसला. तो समोरच्याच घरात राहतो. गेली पस्तीस वर्षे संध्याकाळचा चहा तो आमच्याकडे घेतो आणि त्या चहाबरोबर माझी थट्टाही.

“काय कमलाकांता, आज कुणाच्या शब्दावर बसला आहेस?”

मी त्याला प्रकार सांगितला.

“अरे, मग लिहून टाक ‘सन’! तुरुंगवाला काय नाळ तपासायला येणार आहे?”

“मी खोटे लिहीत नाही.”

“लिहितोस कसलं? तू खरंसुद्धा लिहीत नाहीस, बसून राहतोस,” असे म्हणून त्याने बशी तोंडाला लावली. स्वयंपाकघराच्या दारात माझी पत्नी यशोदा उभी होती. ती हसली नाही, एवढे मला त्या वेळी जाणवले होते.

तिसऱ्या दिवशी मी काळाचौकीला गेलो. संदर्भ पाहिल्याशिवाय शब्दाचा अर्थ ठरवू नये, हा नियम मी माझ्या हाताखालच्या तीन पिढ्यांच्या भाषांतरकारांना शिकवला आहे. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर टोकाची खोली. भिंतीवर पूर्वी देव्हारा असावा. त्याचे दोन खिळे तसेच होते आणि त्यांच्या आधाराने बुद्धाची तसबीर उभी केली होती. खाली गोधड्यांच्या चळतीला टेकून राधाबाई बसल्या होत्या. आडवे झाले की त्यांना श्वास पुरत नसे. पलीकडच्या खिळ्याला पितळेचा एक डबा टांगलेला होता, घासून लखलखीत केलेला.

“या साहेब. शेवंते, खुर्ची आण शेजारनं.”

“राधाबाई, मला थोडे प्रश्न विचारायचे आहेत.”

“इचारा. मला दम लागला तर ही सांगंल.”

“जगदीशला मुलगा मानलात, तो कधी?”

“कधी म्हंजे?”

“तारीख. निदान महिना.”

म्हातारी मुलीकडे पाहून हसली. “ऐकलंस? पोटच्या पोरांची तारीख मला ठावं न्हाई, आन् ह्यास्नी ह्याची पायजे.”

“चार माणसांसमोर काही बोललात? त्याला नारळ दिला, टोपी दिली, असे काही?”

“न्हाई.”

“तो तुम्हाला काय म्हणतो? आई म्हणतो?”

“म्हातारे म्हणतो. ‘म्हातारे, आज मीठ पडलंच न्हाई.’ मेला लई नकल्या.”

मी वहीत ‘घोषणा नाही, विधी नाही’ असे टिपले. मग जे झाले ते तुमच्या शब्दांत सांगा, असे म्हणालो. त्यांनी सुरुवात केली आणि श्वास संपला, तिथून शेवंतीने पुढे नेले.

बुधाजीचा डबा घरून जायचा. तो गेल्यावर जगदीश त्याचा रिकामा डबा गिरणीतून घेऊन आला आणि उंबऱ्यापाशी ठेवून परत गेला. दिवस-कार्य झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे राधाबाई नेहमीच्या वेळेला उठल्या, सवयीने भाकरी थापल्या, डबा भरला, आणि मग आपण काय केले ते त्यांच्या ध्यानात आले. भरलेला डबा समोर घेऊन त्या बसून राहिल्या. पाळीला जाताना जगदीश समाचाराला म्हणून दारात आला होता. त्याने डब्याकडे पाहिले, तो उचलला आणि गिरणीत नेला. संध्याकाळी धुऊन परत आणला. तिसऱ्या दिवशीही तो आला.

“आन् म्या तिसऱ्या दिशीबी भरला,” राधाबाई म्हणाल्या.

“गिरणीत त्यानं डबा उघडला, तर त्याचे गाववाले ताटावरून उठले,” शेवंती सांगू लागली. “कुणाच्या घरचा डबा, ते सगळ्यांना माहीत. त्यांच्या खोलीत राहायचा तो. आठवड्यानं त्याची वळकटी त्यांनी जिन्यात आणून ठेवली. तेव्हापासून आमच्या गॅलरीत झोपतो.”

हे मी टिपले नाही. नात्याच्या व्याख्येशी त्याचा संबंध नव्हता, असे मला वाटले.

“जगदीशने तुरुंगात आईवडील मयत असल्याचे लिहून दिले आहे,” मी म्हणालो.

“मग बराबर हाय. त्याची आई त्यो चार वर्सांचा आसताना गेली. खोटं बोलायचा न्हाई त्यो.”

“मग राधाबाई, तुम्ही त्याच्या कोण?”

त्यांनी तोंड उघडले, पण श्वास आला नाही. डोके मागे टेकून त्या छताकडे पाहत राहिल्या. शेवंती उठून त्यांची पाठ चोळू लागली. “पुरे आता, नानासाहेब,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, घाई होती.

माझ्याशेजारच्या स्टुलावर चहाचा कप होता. ‘चहा घेता ना?’ असे तिने आल्याआल्या विचारले होते, आणि मी हो म्हणालो होतो. बोलण्याच्या ओघात तो तसाच राहिला होता. वर जाडसर साय धरली होती. मी निघालो तेव्हा शेवंतीने कप उचलला आणि मोरीपाशी नेला. मी चहा नाकारला नव्हता, हे मी त्या संध्याकाळी यशोदेला सांगितले. तिने मला त्याबद्दल काहीही विचारले नव्हते.

त्यानंतरचे दिवस मी स्वस्थ बसू शकलो नाही. सकाळी उठून फणसवाडीतून चौपाटीपर्यंत जायचो आणि परत यायचो. वाटेत एकेक शब्द ओठांवर घोळवून पाहायचो. एका सकाळी समोरून प्रभातफेरी आली. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागणारी ती माणसे घसा फोडून चालली होती, आणि मी कडेच्या दुकानाच्या फळीवर चढून उभा राहिलो. त्यांच्यातल्या कुणालाही शब्दाची अडचण दिसत नव्हती. मला त्यांचा हेवा वाटला आणि लगेच त्या हेव्याचा रागही आला.

छापखान्यात शेवंती रोज दहा वाजता माझ्या मेजाशी येऊन उभी राहायची.

“सापडला?”

“आणखी एक दिवस.”

“तिला काल रात्रभर बसवून ठेवावं लागलं.”

“अर्धवट शब्द पाठवून तिचेच नुकसान होईल, शेवंती.”

ती परत जायची. मग आतून हाडाच्या पट्टीचा आवाज येऊ लागे. त्या दिवसांत तो मला अधिक जोरात ऐकू येत असे. छापखान्याचे मालक शामराव यांचीही कुरकुर चालली होती. ‘मानलेला’ हा शब्द माझ्या संग्रहात होताच, आणि त्याच्यासमोरची जागा मी मोकळी ठेवायला लावली होती.

“नानासाहेब, एका ओळीपायी मशीन थांबलंय. हा शब्द नसला, तर काय कोर्टं बंद पडणार आहेत?”

“शामराव, ज्या शब्दाला प्रतिशब्द नाही, त्याच्यासाठीच संग्रह करायचा असतो.”

“मग करा की! कोण नको म्हणतंय? पण या महिन्यात करा!”

अकराव्या दिवशी, एका जुन्या अधिनियमाचे कलम चाळत असताना, शब्द माझ्यासमोर आला. ‘डीम्ड’. कायद्यात जे मुळात तसे नसते, ते तसे आहे असे धरून चालायचे असेल, तर हाच शब्द वापरतात. गैरहजर माणूस हजर मानला जातो. न पोहोचलेली नोटीस पोहोचली असे मानले जाते. मानणे ही क्रिया इंग्रज कायद्यालाही ठाऊक होती आणि तिला त्याने संशयाचा लवलेशही लावलेला नव्हता! ‘डीम्ड सन’. मी वाचनालयातल्या खुर्चीवरून उठून उभा राहिलो. आपल्या आयुष्यातला सर्वांत अचूक शब्द आपल्याला आज सापडला, असे मला वाटले. छापखान्यापर्यंतचे अंतर मी जवळजवळ धावत काटले, शेवंतीच्या नमुन्यातला रकाना ‘डीम्ड मदर’ असा स्वच्छ अक्षरांत भरला, आणि खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याकडून संग्रहातल्या मोकळ्या जागी ‘डीम्ड’ बसवून घेतला. मशीन त्याच दुपारी सुरू झाले.

“झालं?” शेवंतीने विचारले.

“झाले. आता कुणाला बोट ठेवायला जागा नाही.”

तिने लिफाफा पदराखाली धरला आणि सुटी होण्याचीही वाट न पाहता टपाल कचेरीकडे गेली.

उत्तर सातव्या दिवशी आले. ते तिने माझ्यासमोर टाकले; ठेवले नाही.

अर्जदार बाईंनी स्वतःस कैद्याची ‘डीम्ड’ माता म्हणवले आहे. कोणत्या अधिनियमाच्या कोणत्या तरतुदीन्वये आणि कोणत्या प्राधिकाऱ्याने त्यांना असे मानले, ते आदेशाच्या प्रतीसह कळवावे.

मी ते दोनदा वाचले. त्या अधिकाऱ्याच्या जागी मी असतो, तर हेच विचारले असते. ‘डीम्ड’ म्हटले की मानणारे कायदेमंडळ पाहिजे, न्यायाधीश पाहिजे. कायद्याबाहेरचे मानणे त्या शब्दात मावतच नव्हते, आणि हे इतर कुणाच्या लक्षात आले नसते तरी माझ्या यायला हवे होते.

“काय म्हणतोय?” शेवंतीने विचारले.

“कुणी मानले, ते विचारतो आहे.”

“आई बसूनपण श्वास घेईना आता,” ती म्हणाली. “त्या दिवशी तुम्ही नाही म्हणाला असतात, तर मी दुसऱ्या कुणाकडं गेले असते.”

त्या दिवशी मी दुपारीच घरी आलो. मनमोहन गॅलरीत बसून वर्तमानपत्र वाचत होता. मी आत जाऊन यशोदेला ते पत्र वाचून दाखवले आणि त्यावर बोलत राहिलो: अधिकाऱ्याचा प्रश्न रास्त आहे, माझा शब्दही रास्त आहे, दोष असलाच तर इंग्रजी भाषेचा आहे, कारण रक्ताबाहेरचे नाते नेमकेपणाने सांगण्याची सोयच तिच्यात नाही.

यशोदा तांदूळ निवडत होती. “बाहेर कोण बसलंय?” तिने विचारले.

“मनमोहन.”

“तुमचा कोण?”

“मेहुणा. हा काय प्रश्न झाला?”

“मला सख्खा भाऊ आहे?”

यशोदा आईबापांना एकुलती एक. लग्न होऊन ती या वाडीत आली, त्या वर्षीच्या भाऊबिजेला ओवाळायला तिला कुणी नव्हते. समोरच्या घरातला मनमोहन आपणहून पाटावर येऊन बसला, त्याला पस्तीस वर्षे झाली.

“एकेचाळीस साली त्याला विषमज्वर झाला,” ती सुपावरची नजर न काढता म्हणाली, “तेव्हा तुम्ही तीन दिवसांची रजा काढलीत. अर्जात काय लिहिलंत?”

‘ब्रदर-इन-लॉ’ असे लिहिले होते. खाली सही केली होती. आमच्या इंग्रज वरिष्ठाने मनमोहनची प्रकृती विचारली, तेव्हाही मी तोच शब्द वापरला होता, आणि तो खरा आहे की अचूक, असा प्रश्न माझ्या मनाला शिवलाही नव्हता.

“मनमोहनचे वेगळे आहे,” मी म्हणालो.

“काय वेगळं?”

तो आमच्या वाडीतला होता. आमच्याच ज्ञातीतला होता. आमच्याच पंक्तीला बसत होता. उत्तर माझ्यापाशी तयार होते. ते बोलून दाखवण्यासारखे नव्हते.

“त्या बाईंचा चहा तुम्ही घेतला नाहीत,” यशोदा म्हणाली. “आणि शब्दाला मात्र दोष देताय.” मग तिने बाहेर हाक मारली, “मनमोहन, चहा टाकतेय रे.”

मी मेजाशी बसलो. छापील नमुना बाजूला सारला आणि साध्या कागदावर त्या अधिकाऱ्याला इंग्रजीत पत्र लिहिले. इंग्रजी शाळेतल्या पहिल्या यत्तेच्या मुलालाही कळतील, अशी ती वाक्ये होती. जगदीश साळवीची जन्मदाती तो लहान असताना वारली. त्याने तुम्हाला खरे सांगितले. राधाबाई जाधव यांचा मुलगा तीन वर्षांपूर्वी गोळी लागून गेला. तेव्हापासून तो सत्याग्रहाला जाईपर्यंत त्या रोज पहाटे जगदीशसाठी डबा भरत आणि तो रोज नेत असे. त्यासाठी त्याच्या गावच्या माणसांनी त्याला घराबाहेर काढले. तो त्यांच्याकडे राहतो. त्यांना कुणीही, कोणत्याही कायद्याने मानलेले नाही. त्या त्याच्या आई आहेत, आणि आता त्यांचे फार थोडे दिवस उरले आहेत. हे मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन पाहिले आहे. खाली सही करताना सवयीने माझ्या हातून ‘खरे व अचूक’ असे लिहून झाले. मी ते खोडले नाही.

यातले एकही वाक्य माझे नव्हते. पहिल्या आठवड्यात, त्या खोलीत, दोघींनी मला ते याच क्रमाने सांगितले होते.

पत्र मी स्वतः जाऊन जलद टपालाने पाठवले आणि वर एक तार केली. पाचव्या दिवशी दुपारी छापखान्यात उलट तार आली. चार दिवसांची सुटी मंजूर. कैदी शिपायासह निघाला. शेवंतीने तार वाचून घेतली, पट्टी फर्म्यावर ठेवली आणि निघून गेली. तिच्या जागी अर्धवट घातलेली घडी तशीच उघडी पडली होती.

राधाबाई त्याच दिवशी दिवेलागणीला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काळाचौकीला पोहोचलो, तेव्हा चाळीच्या अंगणात माणसे जमली होती. सारी तयारी झाली होती. मृतदेह मात्र वरच होता. तिथल्या एकाला मी विचारले, “कशासाठी थांबलेत?”

“मुलगा यायचाय,” तो म्हणाला.

थोड्या वेळाने आणखी एकाने दुसऱ्याला तसेच विचारलेले मी ऐकले, आणि त्यालाही तेच उत्तर मिळाले. कुणी ‘मानलेला’ म्हटले नाही. जिन्यावरच्या बायका, नळावरचे म्हातारे, सारे मुलाची वाट पाहत होते.

तो नऊच्या सुमारास आला. बारीक अंगाचा, दाढी वाढलेला, हातात पिशवी. मागे खाकी कपड्यातला शिपाई. जिना चढताना त्याने कुणाकडे पाहिले नाही. वर काय झाले ते मी पाहिले नाही, कारण मी वर गेलो नाही. बऱ्याच वेळाने शेवंती खाली आली, आणि मी काही बोलण्याआधीच म्हणाली, “एक दिवस, नानासाहेब. एकच दिवस कमी पडला.”

अकरा दिवस मी शब्द शोधत होतो. नंतरचे सात त्या शब्दाच्या जाण्यायेण्यात गेले. हा हिशेब तिनेही केला असणार. तो तिने मला ऐकवला नाही.

स्मशानभूमीच्या कचेरीत नोंद करायची होती. जगदीश खिडकीशी उभा राहिला, त्याच्या मागे शिपाई आणि शिपायाच्या मागे मी. आतल्या कारकुनापुढे इंग्रजी रकान्यांची मोठी वही होती. आदली नोंद टिपकागदाने टिपत त्याने वर न पाहताच विचारले, “नाव?”

“राधाबाई रामजी जाधव.”

“वय?”

“पासष्ट असंल.”

“तुमचं नाव?”

“जगदीश बाळू साळवी.”

कारकुनाची लेखणी क्षणभर थबकली. एका आडनावावरून त्याची नजर दुसऱ्या आडनावाकडे गेल्याचे मी पाहिले. पुढे होऊन सांगायला माझ्यापाशी सगळी वाक्ये तयार होती.

“नातं?”

“मुलगा,” जगदीश म्हणाला.

कारकुनाने दौतीत लेखणी बुडवली, रकान्यात इंग्रजी ‘सन’ लिहिले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

पंधरा दिवसांनी छापखान्यात माझ्या शब्दसंग्रहाची बांधणी सुरू झाली. ‘म’चा फर्मा छापून केव्हाच तयार होता, दोन हजार प्रतींत ‘मानलेला’ या शब्दासमोर ‘डीम्ड’ बसला होता. मी शामरावांकडे शुद्धिपत्र जोडण्याचा आग्रह धरला. त्यांनी कपाळाला हात लावला, पण जुळाऱ्याला बोलावले. शुद्धिपत्रात दोन रकाने असतात. डावीकडे अशुद्ध, उजवीकडे शुद्ध. डावीकडचा शब्द जुळून झाला.

“उजवीकडे काय टाकायचं?” शामरावांनी विचारले.

पलीकडे शेवंती नेमका तोच फर्मा घडीला घेत होती. तिने कागद दुमडला, कडेला कड जुळवली.

“थांबा जरा,” मी म्हणालो.

“पुन्हा? नानासाहेब, किती दिवस?”

शेवंतीने वर पाहिले. मग तिने पट्टी घडीवर ठेवली आणि जोर देऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढली.